पारखीबाई आणि ससोबा

कारखान्यात तिला सगळे पारखीबाई म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांनी डोकं खाजवलं असतं. कारखाना पडद्यांचा. नाट्यगृहांचे, सभागृहांचे, मोठ्या हॉटेलांचे पडदे तिथे शिवले जात, आणि बाहेरून आलेला कापडाचा एकही तागा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय कापायच्या टेबलावर चढत नसे. ती करायची काय, तर तागा थोडा उलगडायचा, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची बोटं त्यावरून सावकाश फिरवायची. तेवढ्यात तिला सगळं कळायचं. वीण कुठे सैल पडली आहे, धागा कुठे तुटून परत जोडला आहे, रंगवताना कापड कुठे जास्त शिजलं आहे. "डोळे लबाड असतात," ती म्हणायची. "दिवा बदलला की मत बदलतात. बोटांना दिवा लागत नाही."

त्यातून मखमल म्हणजे तर तिचं राज्य. मखमलीला लव असते आणि लवेला दिशा असते. एका बाजूनं हात फिरवला तर लोणी, दुसऱ्या बाजूनं फिरवला तर अंगावर येते. पडद्याच्या सगळ्या पट्ट्या एकाच दिशेनं कापल्या नाहीत तर रंगमंचाचे दिवे लागल्यावर घोटाळा उघडा पडतो. एकदा एका नव्या कापणाऱ्यानं एक पट्टी उलटी मांडली होती. टेबलाभोवती उभ्या असलेल्यांपैकी कुणालाही ती वेगळी दिसली नाही. ही आपली चहा प्यायला निघालेली, जाता जाता तिनं टेबलावरून हात नेला आणि थांबली. "ही उलटी आहे." कापणारा हुज्जत घालायला लागला. मालकांनी पट्ट्या टांगायला लावल्या, दिवे सोडले, आणि मग सगळ्यांना दिसलं. बाकीच्या पट्ट्या सख्ख्या बहिणी आणि ती एक सावत्र. कापणाऱ्यानं ती पट्टी खाली उतरवली. पारखीबाई मात्र तोवर चहा पिऊन आली होती. निकाल काय लागणार हे तिला माहीत होतं, मग चहा कशाला थंड करायचा?

तिला याचा गर्व होता का? होता. भरपूर होता, आणि तो तिला शोभत होता. ज्याला आपलं काम येतं त्यानं उगाच मान खाली घालून फिरावं, असं तिला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही.

घरी मात्र राज्य दुसऱ्याचं होतं. तिथे सासूबाईंची सत्ता. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट वर-खाली करून संध्याकाळी जिन्यानं घरी यायचा, कारण त्यांच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. तो बोलायचा कमी. घरात बोलायचं खातं सासूबाईंकडे होतं आणि खिडकीही त्यांच्याकडे होती. बैठकीच्या खोलीची ती मोठी, सकाळच्या उन्हाची खिडकी. तिच्या कट्ट्यावर त्यांच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या असत. सगळी झाडं जाड पानांची, पोटात पाणी साठवून ठेवणारी. पावलोपावली पाणी मागणारी, दोन दिवस दुर्लक्ष झालं की मान टाकणारी झाडं सासूबाईंना आवडत नसत. "मला लाडावलेली पोरं नकोत," त्या म्हणायच्या.

या कुंड्यांमध्ये मधोमध ससोबा. पानं जाड, लांबट, सशाच्या कानासारखी, आणि अंगभर पांढुरकी दाट लव, इतकी की पान हिरवं आहे की राखाडी याचा पत्ता लागू नये. कडांना तपकिरी ठिपके, जणू कुणी गरम सुईनं टोचून ठेवलेत. दुकानात याला पांडा प्लांट म्हणतात, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं होतं. हे झाड त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडे बसायच्या खोलीत अशी एक कुंडी होती, तिच्याखाली एक पान पडलेलं होतं आणि ते त्यांनी रुमालात गुंडाळून घरी आणलं. "पडलेलं उचललं. तोडलं नाही," असं त्या आजही शपथेवर सांगतात आणि घरातला एकही माणूस त्यावर विश्वास ठेवत नाही. ते पान त्यांनी लगेच मातीत खुपसलं नाही. तुटलेला भाग सुकून खपली धरेपर्यंत सावलीत ठेवलं, मग जाड वाळू आणि विटेचे तुकडे मिसळलेल्या मातीवर नुसतं आडवं टाकलं आणि त्याच्याकडे बघायचंही सोडून दिलं. पुढे त्याच्या टोकाशी मुळं फुटली आणि शेंगदाण्याएवढा एक लवाळ कोंब वर आला.

तेव्हापासून ससोबाला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. पाणी द्यायचं ते माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच, लांब चोचीच्या झारीनं, बुडाशी. पानावर थेंब पडता कामा नये, कारण लवेत अडकलेलं पाणी लवकर सुकत नाही आणि पान सडतं. थंडीत तर पाण्याचं नावच काढायचं नाही. धूळ बसली तर फडकं लावायचं नाही, रंगकामाच्या मऊ कुंचल्यानं झटकायची. झाड उजेडाकडे झुकू नये म्हणून कुंडी अधूनमधून फिरवायची, फिरवताना पानं खालून-वरून बघून घ्यायची. आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे ससोबाला हात लावायचा नाही.

"का पण?" सूनबाईनं एकदा विचारलं होतं. मखमल समोर आणि हात लावायचा नाही, हे तिच्यासारखीला कसं पचावं?

"नाही म्हणजे नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या कधी कारण सांगत नसत. कारण सांगितलं की लोक वाद घालतात, असा त्यांचा अनुभव होता.

सूनबाईनं मनात म्हटलं, म्हातारीला आपलं झाड कुणी वापरलेलं आवडत नाही, दुसरं काय. आणि तो विषय तिथेच मिटला.

मग तो काचेचा जग फुटला. भांडी घासताना, एरवी घासायची तसाच, आत हात घालून ती घासत होती आणि जग हातातच तडकला. उजवं मनगट आडवं कापलं गेलं. रक्त थांबलं, टाके पडले, पण अंगठा आणि पुढची दोन बोटं लाकडाची झाली होती. आत नस तुटली होती. डॉक्टरांनी ती जोडली आणि समजावून सांगितलं की नस मनगटापासून बोटांच्या टोकाकडे परत वाढत जाते, पण मुंगीच्या पावलानं. टोकाला पोचेल, बहुतेक पोचेल. किती चांगली पोचेल, ते आत्ता सांगता येणार नाही.

दुसऱ्या कुणाची बोटं बधिर झाली असती तर ती गैरसोय होती. हिची बोटं म्हणजे हीच होती. नवरा सकाळी तिच्या बाहीची बटणं लावून द्यायचा, काही न बोलता, एखादी लिफ्ट उघडून बसल्यासारखा मन लावून. तेव्हा तिला रडू यायचं आणि रडू आल्याचा राग यायचा.

हाताचे व्यायाम घेणारी एक तरुण डॉक्टरीण होती. हसतमुख, पण कडक. तिनं सांगितलं की नस नुसती वाढून भागत नाही, तिला शिकवावंही लागतं. रोज वेगवेगळ्या गोष्टींवर बोटं फिरवायची, आधी बघत, मग डोळे मिटून. खरखरीत कागद, कापूस, कंगवा, कापडाचे तुकडे. पहिल्याच दिवशी तिनं पारखीबाईचे डोळे मिटवून बोटांखाली एक तुकडा सरकवला.

"सुती. जाडं," पारखीबाई म्हणाली.

"अहो, तुम्हाला तर टाचणी टोचलेली कळत नाही. हे कसं कळलं?"

"आवाज आला ना."

डॉक्टरणीनं दुसरा तुकडा आवाज न करता तळहातावर ठेवला. "रेशमी, अस्तराचं. वजनावरून." तिसरा ठेवला. "हा मखमलीचा. खाली ठेवताना वारा लागला, मखमल जड असते, वेगळी पडते."

डॉक्टरीण हसत सुटली. मग गंभीर होऊन म्हणाली, "पारखीबाई, हे तुमची बोटं नाही ओळखत. डोकं ओळखतंय. तुम्हाला कापड इतकं पाठ आहे की बोटांनी काही सांगितलं नाही तरी डोकं स्वतःच उत्तर भरून टाकतं."

ते वाक्य पारखीबाईच्या जिव्हारी लागलं. म्हणजे उद्या कापडावर हात फिरवल्यावर मखमल लागली, तरी ती खरंच लागली की आठवली, हे तिला कसं कळणार? आणि आठवणीवर तागा पास करणारी पारखी कारखान्याला काय कामाची? तिनं घरातले कापडाचे तुकडे गुंडाळून माळ्यावर टाकले. तिला असं काहीतरी हवं होतं जे आवाज करणार नाही, वजन दाखवणार नाही, हलणारसुद्धा नाही. ज्याच्या अंगावर लव असेल आणि ती फक्त बोटांनाच कळेल. तिनं घरभर नजर फिरवली आणि ती खिडकीपाशी येऊन थांबली.

आता इथे तिच्या धंद्यातली एक सवय आड आली, ती सांगितली पाहिजे. कारखान्यात आलेला माल नेहमी एकाच नमुन्याशी ताडून बघतात. आज हा तुकडा, उद्या तो, असं केलं तर फरक मालात आहे की नमुन्यात हे कळणार नाही. म्हणून तिनं ससोबाचं एक पान ठरवलं आणि रोज तेच धरायचं असा नेम केला. सगळ्यात खालचं, काचेकडचं. आणि पकडलं जाऊ नये म्हणून त्या पानाच्याही खालच्या अंगाला बोटं लावायची, म्हणजे वरून बघणाऱ्याला काही दिसू नये. सासूबाई सकाळी आंघोळीला गेल्या आणि नळ वाजायला लागला की ही खिडकीशी जायची, डोळे मिटायची आणि पानाच्या पोटावरून तिन्ही बोटं पुढे-मागे फिरवायची. एकदा-दोनदा नव्हे, नळ बंद होईपर्यंत. पन्नाशी उलटलेली, कारखान्यात जिच्यापुढे कापणारे चळचळ कापायचे अशी बाई, स्वतःच्या घरात झाडाच्या पानाची चोरी करत होती.

सुरुवातीला पान लागायचंच नाही. मग बोटांत मुंग्या आल्या, मग विजेचे झटके, मग एके दिवशी गरम भांडं गरम लागलं आणि तिनं ते आनंदानं खाली पाडलं. हळूहळू बटणं लावता आली. नाणं आणि चावी यातला फरक कळला. डॉक्टरीण खूश होती. पण पारखीबाईला नाणी-चाव्यांशी काय करायचं होतं? तिला लव हवी होती. आणि त्या पानावर बोटं टेकली की तिला लागायचं ते थंड आणि गुळगुळीत. आज थंड, उद्या थंड. बोटं जशी जागी होत गेली तसं ते पान उलट जास्तच गुळगुळीत लागायला लागलं, खिडकीच्या काचेसारखं. त्यातून तिनं आपला अर्थ काढला. ढोबळ स्पर्श परत आला, बारीक काही आला नाही. थंड-गरम कळेल, खरखरीत-गुळगुळीत कळेल, पण मखमल आपल्या बोटांतून गेली ती गेलीच.

हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरणीला नाही, नवऱ्याला नाही, सासूबाईंना तर नाहीच नाही, कारण मग चोरी सांगावी लागली असती. ससोबा हल्ली काचेकडे चांगलाच झुकला आहे, हे एकदा तिच्या लक्षात आलं. सासूबाई कुंडी फिरवायला विसरायला लागल्या वाटतं, वय झालं, असं तिनं मनात म्हटलं आणि तेवढ्यावर सोडून दिलं.

आणि मग मालक घरी आले. मालक म्हणजे तिच्यापेक्षा वयानं लहान, वडिलांच्या माघारी कारखाना सांभाळणारा. लहानपणी कापायच्या टेबलाखाली खेळलेला असल्यामुळे तो तिला अजून काकू म्हणायचा. त्यानं इकडचं-तिकडचं बोलून घेतलं, मग खाली बघत विषय काढला. एका जुन्या नाट्यगृहाचा मुख्य पडदा त्यांच्याकडे आला होता. गडद लाल मखमल, कारखान्यानं आजवर केलेल्या कामांतलं सगळ्यात मोठं काम.

"काकू, दुसऱ्या कारखान्यातले एक पारखी आमच्याकडे यायला तयार आहेत. पण तात्पुरते नाही येणार, कायमचे येतील. तुम्ही येणार असाल तर मी त्यांना नाही सांगतो. तुम्ही हो म्हणा, मी थांबतो."

तो खरंच थांबला असता, हे तिला माहीत होतं. म्हणूनच तिला खोटं हो म्हणता येईना. "उद्या सकाळी फोन कर," ती म्हणाली. "सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ वाजायला लागला तशी ती खिडकीशी गेली. डोळे मिटले. पान शोधायला आता तिला चाचपावंही लागत नव्हतं. बोटं टेकवली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. काच. तिनं हात काढून घेतला आणि स्वयंपाकघरात येऊन बसली. नवरा चहा पीत होता. थोड्या वेळानं सासूबाई केस पुसत बाहेर आल्या.

"मी कामावर जाणार नाही," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या माणसाला घ्या म्हणून सांगणार आहे."

नवऱ्याचा कप तोंडापाशीच थांबला.

"कुणी ठरवलं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"बोटांनी."

"काल तर सुईत दोरा ओवलास."

"दोरा डोळ्यांनी ओवतात, आई. मला लव कळत नाही. कळणारही नाही. तुम्हाला राग येईल, पण आता सांगूनच टाकते. मी रोज तुमच्या ससोबाला हात लावते."

"ते मला माहीत आहे."

"काय?"

"खालचं पान, काचेकडचं. तेही खालच्या बाजूनं. रोज, मी आंघोळीला गेले की." सासूबाई खुर्चीवर बसल्या. "मला काय दिसत नाही? माझी आंघोळ केव्हाच झालेली असते. तुझं होऊ दे म्हणून नळ सोडून उभी राहते मी आत. थंडीत कुडकुडत."

"आई, पाण्याचं बिल उगीच वाढलं म्हणत होतो मी," नवरा म्हणाला. आठ शब्द म्हणजे त्याच्यासाठी भाषणच. दोघींनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर थांबली असतीस. कुंडी फिरवायचीसुद्धा बंद केली मी, तुझं पान तुला जागेवर सापडावं म्हणून. झाड वाकडं होऊ दिलं. माझं झाड! मला वाटलं व्यायाम करते आहे, करू दे."

या बाईनं शेजारणीला ससोबाचा फोटोसुद्धा लांबून काढायला लावला होता.

"व्यायाम नव्हता, आई. परीक्षा होती. एवढी लव आहे त्याला, मखमलीपेक्षा दाट. आणि माझ्या बोटांना काय लागतं सांगू? काच. गुळगुळीत काच. आजसुद्धा."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग टेबल धरावं लागलं. सूनबाईला असा राग आला की ती उठून जायलाच निघाली. पण सासूबाई तिच्याआधी उठल्या, खिडकीशी गेल्या आणि जी कुंडी त्या कुणाला बोटानं सरकवू देत नसत ती दोन्ही हातांनी उचलून त्यांनी टेबलावर आणून ठेवली, चहाच्या कपांच्या मधोमध. मग ती कलती केली आणि खालचं पान तिला दाखवलं.

पानाच्या पोटावर बोटांच्या रुंदीचा एक पट्टा होता. हिरवागार, चकचकीत. त्यावर लवेचा एक तंतूही नव्हता.

"टक्कल पाडलंस तू त्याला, बये!" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "काच लागणार नाही तर काय लागणार? बोटं घासून घासून त्याची लव गेली. एकदा गेली की त्या पानाला परत येत नाही. म्हणून तर हात लावू देत नाही मी कुणाला."

"हे तुम्ही कधी सांगितलं होतं?"

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं होतं!"

"बरं, विचारलं असशील."

सूनबाई परत टेबलाशी बसली. ते पान तिनं आता उघड्या डोळ्यांनी बघितलं. कारखान्यात नमुन्याचा तुकडा हाताळून झिजतो, म्हणून तो वरचेवर बदलायचा असतो, हे तिनं स्वतः कितीतरी जणांना दटावून शिकवलं होतं. इथे झाड होतं, जिवंत होतं, म्हणून ते झिजेल असं तिच्या मनातही आलं नाही. पान गुळगुळीत झालं होतं आणि तिची बोटं रोज सकाळी इमानानं गुळगुळीत म्हणून सांगत होती. खोटं पाडलं ते तिनंच त्यांना. जिनं जन्मभर डोळ्यांना लबाड म्हटलं, तिनं ऐन वेळी बोटांवर विश्वास ठेवला नव्हता. याची तिला लाज वाटली, कामावर जाणार नाही म्हणण्यापेक्षाही जास्त.

पण एवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. गुळगुळीत पान गुळगुळीत लागलं, याचा अर्थ लव लागेलच असा नाही. हे तिला कळत होतं आणि सासूबाईंनाही कळत होतं.

"डोळे मीट," सासूबाई म्हणाल्या.

"आई, राहू दे. नवीन पानं खराब होतील."

"मीट म्हटलं ना."

तिनं डोळे मिटले. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं, नेमकं जखमेच्या व्रणावर, आणि बोटं झाडाच्या माथ्याशी नेऊन टेकवली, जिथे कोवळी पानं नुकती उलगडत होती आणि जिथे त्यांनी स्वतःसुद्धा कधी हात लावला नव्हता. पारखीबाईला भीती होती की परत काच लागेल. त्याहून मोठी भीती ही की मखमल लागेल आणि ती आठवणीतली असेल.

पहिलं बोट पानावरून सरकलं. काहीतरी त्याच्या आड आलं. हलकं, दाट, दाबलं की दबणारं आणि सोडलं की परत उभं राहणारं. तिनं बोट मागे आणलं तर ते अंगावर आलं. ना आवाज होता ना वजन, आणि या पानाला तिनं आयुष्यात कधी हात लावलेला नव्हता, तर आठवणार काय?

"टोकाकडे झुकली आहे," ती म्हणाली. "लव. बुडाकडून टोकाकडे. कडेला आखूड आहे, मध्ये लांब." मधलं बोट फिरवलं, तेही सांगत होतं. अंगठा अजून अर्धवट झोपेत होता, पण तोही कुरकुरत जागा होत होता. ती दुसऱ्या पानावर गेली, तिसऱ्यावर गेली. तिला थांबवत नव्हतं. मग ती एकदम थांबली. बोट जरा मागे घेतलं, परत त्याच जागी आणलं, आणि तिच्या कपाळावर एक आठी पडली. कारखान्यातल्या लोकांनी ती आठी बघितली असती तर त्यांनी हातातल्या कात्र्या खाली ठेवल्या असत्या.

"इथे गाठ आहे."

"कसली गाठ?"

"देठाशी, आतल्या बाजूला. लवेच्या खाली. दाण्यापेक्षा बारीक आहे, मऊ आहे. ही लव नाही."

"काहीतरीच! परवाच बघितलं आहे मी. माझ्या झाडाला काही नाही."

"आई, आहे."

सासूबाई चिडून चष्मा लावून आल्या. मग भिंग घेऊन आल्या. नवऱ्यानं कामाची विजेरी आणून न सांगता पानावर धरली. झाडांना एक पांढरा, कापसाच्या कणासारखा किडा लागतो. तो पानाच्या बेचक्यात बसून रस पितो आणि वेळीच काढला नाही तर सगळं झाड खाऊन टाकतो. ससोबासारख्या पांढऱ्या लवेच्या झाडावर तो बसला तर धडधाकट डोळ्यांनाही दिसत नाही, मग ऐंशीला टेकलेल्या डोळ्यांची काय कथा? सासूबाईंनी सुईच्या टोकानं लव बाजूला केली. भिंग जवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ नेलं. आपल्या झाडाला कीड लागलेली त्यांनी आजवर एकदाही कबूल केली नव्हती. त्यांनी बराच वेळ घेतला.

"आहे," त्या म्हणाल्या. मग भिंग खाली ठेवून त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "आहे गं. बरोबर तिथेच आहे."

आणि पारखीबाई रडली. टेबलावर डोकं ठेवून, मोठ्यानं, इतके महिने जे दाबून ठेवलं होतं ते सगळं. सासूबाई रडल्या, आणि नवरा विजेरी बंद करायचं विसरून तशीच हातात धरून उभा राहिला. एका किड्यासाठी कुठल्याच घरात कुणी इतका आनंद केला नसेल.

फोन वाजला तेव्हा तिचं नाकसुद्धा पुसून झालं नव्हतं. तिनं तो उजव्या हातात घेतला.

"काकू, मी बोलतोय," मालक म्हणाला. तो घाबरलेला होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. "काय ठरवलंत?"

"पडद्याचं कापड आलं का?"

"आलंय. काल संध्याकाळी उतरवलं. त्यांना बोलवू का मग बघायला, त्या दुसऱ्या पारख्यांना?"

"कुणालाही बोलवायचं नाही," पारखीबाई म्हणाली. "आणि मी येईपर्यंत त्याला कुणी कात्री लावायची नाही. मी निघतेच आहे."